आत्याचा पहिला नंबर

खोटं वाटेल, पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. मे २०१६. औरंगाबाद, गारखेड्यातली माझी भाड्याची खोली. भर दुपारचे दोन.

आमच्या पिशोरला तेव्हा टँकरनं पाणी यायचं. रांगेत हंडा ठेवला की नंबर लागायचा. हंडा सरकवला की भांडण.

भाऊ बिभीषण गावाहून आला होता.

"सोने, इंजिनेर झालीस ना? मंग नंबराचं कायतरी कर. बाया एकमेकीच्या झिंज्या धरून राह्यल्या."

मी जावास्क्रिप्टमध्ये छोटासा सर्व्हर लिहिला. वीसेक ओळींचा. पानावर नाव टाकायचं, यादीत नंबर लागायचा. नियम एकच... लागलेला नंबर कुणालाच मागं सरकवता येऊ नये.

तो नियम मी का लिहिला, हे बिभीषणला ठाऊक नव्हतं.

सर्व्हर चालू केला. आईचं नाव टाकलं.

१. सरूबाई

"लई भारी!" तो हसला. "आईला सांगतो, तुझाच पहिला."

तेवढ्यात... स्वयंपाकघरात हंडा फरशीवर टेकल्याचा आवाज आला.

माझ्या खोलीत हंडाच नव्हता.

स्क्रीनवर यादी हलली...

१. चतुराबाई
२. सरूबाई

इंटरनेट बंद होतं. ते पान फक्त माझ्याच लॅपटॉपवर उघडत होतं.

"आत्याचं नाव कामून टाकलं?" बिभीषण स्क्रीनकडं वाकला. "वरीस झालं तिला जाऊन."

"मी नाय टाकलं."

सर्व्हर बंद केला. बंद केला की यादी पुसली जायची. पुन्हा चालू केला. कोरं पान... आणि मग...

१. चतुराबाई

तेव्हा मी त्याला सांगून टाकलं.

मागच्या उन्हाळ्यात आत्याचा हंडा पहिला होता. ती लिंबाच्या सावलीला टेकली होती. मी तिचा हंडा उचलून पार मागं ठेवला, आईचा पुढं. पाणी तिच्यापर्यंत पुरलं नाही. ती एकटीच लांबच्या विहिरीवर गेली.

संध्याकाळी तिला विहिरीतून दोरानं वर काढलं.

बिभीषणनं माझ्याकडं बघितलं नाही.

"उद्या पहिला हंडा तिचा," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पिशोरला जाऊन तो हंडा मीच भरला. तिच्या बंद दारात ठेवला, वर झाकण घातलं.

दिवस मावळताना मी पुन्हा बघायला गेले. झाकण तसंच... हंडा कोरडा. खालची मातीही कोरडी.

आता गावात नळ आलाय. यादी कुणाला नको. तरी दर उन्हाळ्यात मी तो सर्व्हर एकदा चालू करते. पान कोरं राहावं म्हणून.

अजून राहिलं नाही.