सहा पंखे आणि एक अगरबत्ती

राजापेठेतल्या त्या दुकानात मी भांडायच्या तयारीनंच गेले होते, हे आधीच सांगून टाकते.

मे महिना, दुपारचे बारा, ऑटोत मांडीवर धरलेला कम्प्युटरचा जड डबा आणि तोंडाला बांधलेला ओढणीचा बुरखा घामानं चिकटलेला. अशा वेळी कोणीही गोड बोलत नाही. मी तर थंडीतही फार गोड बोलत नाही. आई म्हणते, आचल, तुझ्या जिभेला कडूलिंबाचा पाला बांधलेला आहे.

काउंटरमागे एकटाच मुलगा होता. आकाशी शर्ट, बाह्या दुमडलेल्या, हातात बारीक ब्रश.

"बोला ताई."

राजापेठेत सगळेच ताई म्हणतात, त्यामुळे तेव्हा काही वाटलं नाही.

"पंखे पाहिजेत. हे सहा बेकार निघाले. याच्याहून तेज सहा द्या. कम्प्युटर दर अर्ध्या तासाला तापून बंद पडून राहिला."

त्यानं डबा फिरवून पुढून पाहिला, वरून पाहिला, मागून पाहिला. या माणसाला एक वाईट सवय होती. काही विचारलं की आधी पाहायचा, मग विचार करायचा आणि मग बोलायचा. आमच्या अमरावतीत एवढा धीर कोणाला आहे?

"हे कोणी बसवले?"

"मी. काहून? बाईनं बसवले म्हणून बंद पडते काय?"

"नाही... बसवले मस्त. एकही स्क्रू तिरपा नाही." तो थांबला. "फक्त सगळ्यायचं तोंड बाहेर केलं तुमी."

"मग? रंगीत लाइटचे पंखे आहेत. लाइट भिंतीले दाखवू काय?"

"पंखा तोंडाकडून हवा ओढते अन पाठीकडून फेकते. हे सहाही बाहेरची हवा आत ओढून राहिले. मग आतली गरम हवा बाहेर जाईन कुठून?"

मी म्हटलं, जाईल कुठूनही. हवाच आहे, तिला काय दार लागते?

तो हसला नाही. देवाच्या फोटोपुढची अगरबत्ती उचलली, डब्याचं बटण सुरू केलं आणि अगरबत्ती पुढच्या पंख्यासमोर धरली. धूर सरळ आत गेला. मग वरच्या पंख्यापुढे धरली, तिथूनही आत. मागे धरली, तिथूनही आतच. थोड्या वेळानं जिथे जिथे फट होती तिथून तो धूर चेपून बाहेर यायला लागला आणि आम्हा दोघांच्या तोंडावर आला. मी खोकले. तोही खोकला. मोगऱ्याचा वास होता.

"घरी कूलर लावता ना?" त्यानं विचारलं. "मग समोरची खिडकी उलीशी उघडी ठेवता का नाही?"

"ठेवते."

"काहून?"

"नाही तर खोलीत चिपचिप होते, हवा कोंडते अन..." आणि मी जीभ चावली. ही गोष्ट आमच्या वऱ्हाडात दूध पिणाऱ्या पोरालाही कळते. मला चोवीस वर्षांच्या घोडीला कळली नव्हती.

एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. त्यानं डब्याचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि पांढरी भुकटी माझ्यासमोर धरली.

"हा डबा उघडा करून कूलरपुढं ठेवला होता ना तुमी?"

मी दुकानाबाहेरच्या ऑटोंकडे पाहिलं.

"बोअरचं पाणी?"

"...हो."

"कूलरच्या वाऱ्यासंगं त्या पाण्यातला खारच उडून आत बसला. अजून आठ दिवस ठेवलं असतं तर कम्प्युटर गेला असता." असं म्हणून तो ब्रशनं ती भुकटी झाडायला लागला. रागावला नाही, की शहाणपणाही शिकवला नाही. माझी भांडायची सगळी तयारी वाया गेली.

मग मीच नावापासून सगळं सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण त्याच्या त्या गप्प राहण्यात माणूस बोलत सुटतो. मी घरी बसून लग्नाच्या व्हिडिओ फिल्म जोडते. शूटिंग अकोल्याचे मनोजदादा करतात आणि हार्ड डिस्क पार्सलनं पाठवतात. माझे बाबा, जानराव, यांची फुलांची शेती आणि फुलांचं दुकान. त्यांना माझं काम म्हणजे खेळ वाटतो. यंदा त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं: "या सीझनले मनोजचं काम बिनबोभाट झालं तर तुले कोणी काही म्हणणार नाही. नाही तर मामानं आणलेलं धारणीचं स्थळ पाह्यचं." धारणीचा मुलगा वाईट नसेलही. पण मला तो पाहायचाच नव्हता. आणि हातात अकोल्याचं एक मोठं लग्न येऊन पडलं होतं, बारा तासांचं शूटिंग, आणि कम्प्युटर अर्ध्या तासात मान टाकत होता.

"म्हणजे आवाज ऐकायचं काम आहे तुमचं," तो म्हणाला. एवढ्या रामायणातून त्यानं नेमकं तेवढंच उचललं. "मग तेज पंखे नका घेऊ. मंगलाष्टकात घों घों ऐकू येईन."

त्यानं दोन पंखे काढले. एक लहान, एक तळहाताहून मोठा. दोन्हींना वायर जोडली. "डोळे मिटा अन सांगा, कोणता कुठं आहे."

दुकानात, भर दुपारी, अनोळखी मुलासमोर मी डोळे मिटले. उजव्या कानाशी किर्र आवाज आला. डाव्या कानाशी... काहीच नाही. फक्त गालावर वारा लागला.

"हा डावा सुरू नाही," मी म्हटलं.

"सुरू आहे."

डोळे उघडले तर तो मोठा पंखा माझ्या कानापासून वीतभर अंतरावर धरून उभा होता आणि माझ्या कपाळावरची बट उडत होती. त्यानं ते पाहिलं. मी पाहिलं की त्यानं पाहिलं. मग तो एकदम पंख्याची वायर गुंडाळायला लागला, पंखा सुरू असतानाच.

"मोठा पंखा हळू फिरते, पण हवा तेवढीच टाकते," तो वायरकडे पाहून म्हणाला. "समोर दोन, आत ओढणारे. मागं एक, बाहेर फेकणारा. तीन पुरेत."

"तुमी दुकानदार आहात का कोण? मी सहा मागून राहिली अन तुमी तीन देऊन राहिले."

"दुकान मामाचं आहे. मी कुलदीप. अकोल्याचा."

तीन पंखे लावून झाले. अगरबत्ती पुन्हा धरली. धूर समोरून आत गेला आणि मागून एका सरळ रेघेत बाहेर आला. ती रेघ पाहून मला इतकं बरं वाटलं की मी उगाच हसले. निघताना तो म्हणाला, "काही वाटलं तर आणा... तुमी." ताई म्हणाला नाही. ऑटोत बसल्यावर ते माझ्या लक्षात आलं.

काही वाटलं तर आणा म्हणाला होता, आणि मला काही ना काही वाटतच होतं. चार दिवसांनी मी पंख्यांवर बसवायच्या, धूळ अडवणाऱ्या जाळ्या घ्यायला गेले. मग स्क्रूखालचे रबर घ्यायला. मग, खरं सांगते, काहीच घ्यायला नाही.

"आज काय बिघडलं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. नीट चालून राहिला, तेच सांगायले आली."

त्यानं नेहमीसारखा विचार केला. "भल्लं ऊन आहे, एवढ्यासाठी कायले आल्या..." आणि कान लाल करून मला माठातलं पाणी आणून दिलं.

आणि मग ते झालं.

सकाळी साडेपाचला, ऊन तापायच्या आधी, मी कामाला बसायची. अकोल्याच्या लग्नातल्या पंगतीचं शूटिंग पाहत होते. नवरी खुशी, तिची पार्बताबाई आजी पहिल्या ओळीत, मांडवात तीन मोठे कूलर. पण मांडव तिन्ही बाजूंनी कापडानं बंद, त्यामुळे सगळे घामानं निथळलेले. आजीनं तर ताटाला हातही लावला नव्हता. तेवढ्यात मागून एक मुलगा आला. आकाशी शर्ट, बाह्या दुमडलेल्या. त्यानं कूलरच्या बरोबर समोरचं कापड हातानं वर उचललं आणि धरून ठेवलं. हवा खेळायला लागली. आजीचा पदर हलला. तिनं पहिला घास घेतला.

कुलदीप. माझाच कुलदीप... म्हणजे दुकानातला.

मी शूटिंग पुढे ढकललं. तो उभाच होता. पंगत उठली, दुसरी बसली, तो हात बदलून उभाच. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही, तोही कोणाकडे पाहत नव्हता. फक्त आजी जेवते का, ते पाहत होता. कॅमेरावाल्याला तर तो कळलाच नसेल, कुठे कोपऱ्यात, कुठे कोणाच्या खांद्यामागे आलेला. मी तो भाग अकरा वेळा पाहिला. बाराव्या वेळी मला कळलं की मी पाहत नाहीये, मी प्रेमात पडले आहे. नवे पंखे इतके शांत होते की मला माझंच धडधडणं ऐकू येत होतं.

फिल्म वेळेत गेली, तो जिथे जिथे होता त्या सगळ्या दृश्यांसकट. तिसऱ्या दिवशी मनोजदादांचा फोन.

"आचल, हे काय करून ठेवलं व? नवरीच्या काकू वच्छलाबाईनं फिल्म पाह्यली. म्हणतात, नवरदेवापेक्षा आमचा कुलदीपच जास्त दिसून राहिला. रविवारी सारं खानदान बसून पाहणार आहे. शनिवारपर्यंत काप त्याले. तिथं बोंब झाली तर पुढचे काम मी दुसऱ्याले देईन, मग मले बोलू नको."

मी कापायला बसले. अगदी खरंच बसले. एक एक दृश्य काढून पाहिलं. पण तो गेला की कापड खाली पडत होतं, आजी ताटासमोर नुसती बसलेली राहत होती. आजी जेवली ती त्याच्यामुळे, मग त्याला काढून आजी कशी ठेवू? असं मी स्वतःला सांगितलं. आजी निमित्त होती, हेही मला ठाऊक होतं. धारणीचं स्थळ डोळ्यासमोर येत होतं. बाहेर बाबा आईला सांगत होते, "सोमवारी मामाले काय ते कळवू."

मी एकही दृश्य कापलं नाही. शनिवारी मनोजदादांना तसंच सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

रविवार गेला. फोन नाही. सोमवारी सकाळी बाबा फुलबाजारातून येऊन ओसरीवर चहा घेत होते, आई गजरे करत होती आणि मी धारणीला जाताना रस्त्यात किती वळणं लागतात याचा विचार करत होते. फाटक वाजलं.

"कोण?" बाबांनी विचारलं.

"पंखेवाला," बाहेरून आवाज आला. "जाळ्या साफ करायच्या होत्या."

जाळ्या दोन दिवसांपूर्वीच मी धुतल्या होत्या. पण मी फाटक उघडलं. तो आत आला, कम्प्युटरपुढे मांडी घालून बसला, एकही स्क्रू न काढता. मी दाराशी उभी राहिले.

"काल अकोल्याले होतो," तो म्हणाला. "खुशीच्या घरी. ती माझी मावसबहीण. फिल्म पाह्यली."

"बोंब झाली?"

"वच्छलाकाकूनं सुरुवात केली होती. तर पार्बताबाई आजी म्हणे, थांबवा, पुन्हा लावा ते. दोनदा पाह्यलं. म्हणे, त्या दिवशी हा उभा होता म्हणून मी चार घास जेवली, अन हे घरातल्या कोणाले दिसलं नाही. ज्या पोरीनं पाह्यलं तिले माझा निरोप सांगा, तिचे डोळे चांगले हायत." त्यानं श्वास घेतला. त्याच्यासाठी हे फार मोठं भाषण होतं. "मनोजदादा पुढच्या तीन लग्नायचं काम पाठवून राहिले. मीच म्हटलं, मी सांगतो. पत्ता त्यायनंच दिला."

मी दाराला टेकून उभी राहिले. ओसरीवर चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला, आणि मग काहीच आवाज आला नाही. म्हणजे बाबा ऐकत होते.

"शेवटी तुमचं नाव आलं," तो हळूच म्हणाला. "जोडणी, आचल. तवा मले समजलं. मग मी घरी आलो अन पुन्हा लावली. एकटाच बसलो. मोजलं." त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "तेरा वेळा दिसलो मी. तेरा वेळा कोणी चुकून ठेवत नाही."

मी मान खाली घातली. एरवी तोंड कडूलिंबाच्या पाल्यासारखं, आणि ऐन वेळी जीभ गेली कुठे कोण जाणे.

"मले बोलता येत नाही नीट," तो म्हणाला. "पण मले तुमी आवडता. तुमी डोळे मिटले होते ना दुकानात, त्या दिवसापासून. तुमचं तसं काही नसन... तर मी जाळ्या साफ करतो अन जातो."

पंखे सुरू होते, ऐकू येत नव्हते. ओसरीवर आईचा गजराही थांबला होता.

"तेरा नाही," मी म्हटलं.

"अं?"

"चौदा. वरमाला झाल्यावर एक आहे. त्यात तुमी दिसत नाही, फक्त हात दिसते... कापड धरलेला."

तो पाहत राहिला. मग विचार केला. आणि मग हसला, पूर्ण तोंडभर, मी पहिल्यांदा पाहिलं तसं हसताना.

ओसरीवरून बाबांनी घसा खाकरला. "जमुना," ते आईला म्हणाले, "पंखेवाल्याले चहा टाक. अन मामाले फोन लाव, म्हणा धारणीचं राहू दे."