डाव्या तोंडाची कणीक

माझा मामा थापा मारतो, पण फक्त पखवाजावर. त्यामुळे हे त्याने रचलं असेल, असं मनातही आणू नका. आणि भुतं रात्रीच येतात हेही विसरा. हे भर दुपारी घडलंय.

मामाचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. एक मोठा पखवाजवादक वारला, तेव्हा त्याच्या बायकोने त्याचा पखवाज आणून दिला.

"कातडं बदला. पण वाजवू नका," एवढंच म्हणाली.

दुकानात मामाच्या हाताखाली त्याचा मेव्हणा होता. मामाला मूलबाळ नाही. मेव्हण्याला त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलं, पुढे दुकानही त्यालाच द्यायचं होतं.

आता, पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. वाजवून झालं की खरवडून काढतात.

मामा जेवून परत आला, तर...

पखवाजाला ओली कणीक.

दुसऱ्या दिवशीही तेच.

"कोण वाजवतंय रे?"

"मी नाही, दाजी."

"मग काय उंदीर वाजवतात?"

मेव्हण्याने मान खाली घातली. त्याच्या नखांत कणीक होती.

शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "रोज दुपारी काय थाप पडते हो! माझ्या काचा थरथरतात."

तिथे मामाला खटकायला हवं होतं. मेव्हणा तबलजी, त्याचं सगळं बोटांवर. पखवाज कापून तबला झाला म्हणतात, खरंखोटं देव जाणे. पण पखवाजाला अख्खा उघडा पंजा लागतो. तो मेव्हण्याकडे नव्हताच.

पण रागाला कान नसतात.

"चालता हो! पुन्हा तोंड दाखवू नकोस."

मेव्हणा गेला. मामीने अबोला धरला. तरी घड्याळवाला म्हणे, दुपारची थाप चालूच! मामाला वाटलं, पठ्ठ्याने दुसरी किल्ली करून घेतली. मामाने कुलूप बदललं, पखवाजाची दोन्ही कातडी उतरवली. म्हटलं, आता वाजव.

जेवून आला. कुलूप जागच्या जागी.

आतून...

धा.

मामाने दार उघडलं. आत कुणी नव्हतं. नुसतं पोकळ लाकूड, या टोकातून त्या टोकापर्यंत आरपार दिसणारं.

आणि वाजणं चालूच होतं.

मामा धावत मेव्हण्याच्या खोलीवर गेला. "अरे, तू वाजवत नव्हतास!"

"नव्हतोच. मी फक्त कणीक लावायचो. नाहीतर कोरडंच वाजायचं, ऐकवत नसे. मग समोर बसून टाळीने ताल धरायचो. असं कुणी पूर्ण ऐकलं की शांत व्हायचं ते."

"मला सांगायचंस ना!"

"तुमचा विश्वास बसला असता?"

मामा रडला. "चुकलो रे. चल घरी."

"येतो. पण दाजी... तुम्ही आज ऐकलंत ना?"

"तुला कसं कळलं?"

"हाकललंत तेव्हापासून ते रोज इथे, या खोलीतही वाजायचं. आज पहिल्यांदाच वाजलं नाही."

पखवाज परत गेला. मेव्हणा पुन्हा दुकानात बसतो. पण मामा दुपारी कुठेही असो, बोलता बोलता गप्प होतो आणि मांडीवर ताल धरतो.

गेल्या आठवड्यात तो आमच्याकडे आला होता. जेवणं झाली, आणि त्याचा हात हलू लागला.

"तुला नाही ना ऐकू येत?" त्याने घाबरून विचारलं.

मी नाही म्हटलं.

खोटंच.