पाठ न फिरवणारी शाळा

धाकटीने त्या दिवशी लिफ्टमधली सगळी बटणं दाबली नसती, तर ही दोन माणसं एकमेकांशी कामापुरतं बोलून मोकळी झाली असती.

बेरीजबाईला उशीर झाला होता. बेरीजबाई हे तिचं ऑफिसातलं नाव, आणि ते तिला मनापासून आवडायचं. एका हातात कॉफीचा कप, काखेत गळकी छत्री... आणि लिफ्टची दारं मिटता मिटता एक उंच माणूस दोन मुलींना पुढे ढकलत आत घुसला. धाकटी असेल सात-आठ वर्षांची. तिने दोन्ही तळहात पसरून तळापासून वरपर्यंत सगळी बटणं दाबून टाकली आणि मोठा पराक्रम केल्यासारखं मागे वळून बघितलं.

"माफ करा हं," तो माणूस कानापर्यंत लाल झाला. "कितव्या मजल्यावर जायचंय तुम्हाला?"

"सातव्या."

"अरे देवा... आम्हालाही सातव्याच."

"मग काय, सहलच झाली म्हणायची!"

पहिल्या मजल्यावर दार उघडलं, तिथे कुणी नव्हतं. दुसऱ्यावर एक टकलू गृहस्थ आत येता येता या वरातीला बघून जिन्याकडे वळले. चौथ्यापर्यंत बेरीजबाईला हसू आवरेना. पाचव्यावर तिच्या लक्षात आलं की तिच्या छत्रीचं पाणी टपटप त्याच्या बुटावर पडतंय, आणि तो मुकाट्याने पडू देतोय. पाय हलवायला जागा होती... तरी हलवला नाही. अशा गोष्टी लक्षात येतात, कितीही उशीर झालेला असला तरी.

सातव्या मजल्यावर कळलं की तो तिच्याकडेच आला होता.

परदेशी निघालेल्या कुटुंबांना तिथल्या खर्चाचा अंदाज काढून देणं हे तिचं काम. माणसं घरभाडं विचारत यायची आणि मुलांच्या शाळेचा आकडा ऐकून गप्प बसायची. हा माणूस पूल बांधायचा. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. लांबच्या एका देशात त्याला मोठ्या पुलावर बोलावलं होतं आणि दोन्ही मुलींची फी कंपनी भरणार होती.

"म्हणजे प्रश्नच मिटला," तो म्हणाला.

"कंपनी शिकवण्याची फी भरते, पूलवाले. प्रवेशाचे पैसे, इमारत निधी, बस, गणवेश, जेवण, परीक्षा — हे सगळं तुमच्या खिशातून. पहिलं सत्र पहिल्या पगाराच्या आधी भरायचं. आणि फी दरवर्षी वाढते, कंपनीचा आकडा मात्र तिथेच राहतो."

"माणसांना घाबरवायचा पगार मिळतो का तुम्हाला?"

"घाबरवते मी फुकटच. पगार बेरजेचा."

तो हसला. आणि झालं... बेरजेत पहिल्यांदाच तिची एक ओळ चुकली.

खरी अडचण धाकटीची होती. तिला फार कमी ऐकू यायचं. कानांमागे मशीन होतं, पण तिची खरी भिस्त समोरच्याच्या ओठांवर. इथल्या शाळेत वर्गात पन्नास मुलं, आणि बाई फळ्याकडे तोंड करून बोलायच्या. त्यामुळे निम्मा धडा फळ्यालाच कळायचा, धाकटीला नाही. पुढच्या वर्षी तिला ठेवणार नाही, असं शाळेने सांगून टाकलं होतं. तिकडची नावाजलेली शाळा तिला घ्यायला तयार होती, पण शेजारी वेगळी शिक्षिका बसवायच्या अटीवर. त्या शिक्षिकेचा खर्च म्हणजे जवळजवळ दुसरी फी, आणि तो कंपनी देत नव्हती. किती ठिकाणी कात्री लावली तरी तोंडमिळवणी होईना.

पूलवाला मात्र येतच राहिला.

"आज काय राहिलं?" ती मान वर न करता विचारायची.

"गणवेशाचे जोड किती धरायचे?"

"दोन."

"हिवाळ्यात?"

"तेव्हाही दोनच."

"बरं. मग उन्हाळ्याचं उद्या येऊन विचारतो."

तो कागद चाळायचा तेव्हा टेबलाच्या दोन बाजूंना बेरीजबाई आणि धाकटीच्या बिनआवाजी गप्पा रंगायच्या. धाकटीनेच शिकवलं होतं तिला, आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचं आणि समोरच्याचे ओठ वाचायचे.

'तुझे बाबा लबाड आहेत,' बेरीजबाईचे ओठ म्हणायचे.

'हो ना, मावशी. इथे यायचं म्हणून दोनदा भांग पाडला.'

"काय चाललंय दोघींचं?" तो संशयाने विचारायचा.

"कुठे काय!" दोघी एकदमच म्हणायच्या. मोठी पुस्तकात तोंड खुपसून हसायची. बारा वर्षांच्या मुलीला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

एका दुपारी मुली बाहेर बाकावर बसल्या होत्या. खिडकीवर पाऊस वाजत होता. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "एवढ्या लोकांना पाठवता... तुम्ही स्वतः कधी गेला नाहीत?"

"बोलावणं आलं होतं एकदा." तिने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. आम्ही दोघं वेगळे झालो. लेकाला देशाबाहेर न्यायचं तर त्याच्या बापाची सही लागते. तो देत नाही. आणि खरं सांगू? मीही मागत नाही. रविवारी बापाबरोबर पोहायला जातो, ओल्या केसांनी घरी येतो... इतका खूश असतो! तो रविवार मी कसा हिसकावून घेऊ?"

त्याने हात टेबलावर ठेवला, तिच्या हाताशेजारी. हाताला हात लागला नाही, पण दोघांनीही आपला हात मागे घेतला नाही. चहा मात्र गार झाला.

मग एका गुरुवारी तो एकटाच आला.

"सोमवारी कंपनीला नकार कळवतो. आकडा काही बसत नाही. धाकटीला घरीच शिकवीन."

"घरी? आणि मैत्रिणी?"

त्याने समोरचे कागद उगाच सरळ केले. मग तो हळूच म्हणाला, "मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटत नाहीये. का, ते विचारा."

"नाही विचारत."

"मग न विचारता सांगतो. इथे... तुम्ही आहात."

त्या संध्याकाळी ती घरापर्यंत चालत गेली. छत्री उघडायची आहे हेही तिच्या लक्षात राहिलं नाही.

आणि शुक्रवारी सवयीने तिने यादीतल्या उरलेल्या एका शाळेला फोन लावला. तिकडच्या शहराच्या कडेची लहानशी शाळा होती. पोहण्याचा तलाव नाही, फारसं नावही नाही. एका वर्गात बारा मुलं, आणि वेगळी शिक्षिका नेहमीच्याच फीमध्ये. म्हणजे तो खर्चही कंपनीकडे!

"एक विचारू?" ती मुख्याध्यापिकांना म्हणाली. "तुमच्या बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात का?"

त्या हसल्या. "आमचा फळा बाजूच्या भिंतीवर आहे. बोलताना मुलांकडे पाठ फिरवायची नाही, हा इथला पहिला नियम."

फोन ठेवून तिने बेरीज पुन्हा एकदा केली. आकडा बसला होता. आता तिला फक्त सोमवारपर्यंत गप्प बसायचं होतं. कुणाला कळणार होतं?

शनिवारभर तिने स्वतःला समजावलं. शाळा लांब आहे, नाव नाही, हवा थंड आहे... एकेक कारण ती उगाळत बसली. रविवारी संध्याकाळी लेक पोहून आला. ती भांडी घासत होती आणि तो मागे उभा राहून कुठल्याशा शर्यतीचं सांगत होता.

"आई, इकडे बघ ना! मी बोलतोय."

ती वळली. ओल्या केसांतून पाणी गळत होतं, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत उभा होता. तिने टॉवेल घेऊन त्याचं डोकं पुसलं. पुसता पुसता तिला रडू कोसळलं.

सोमवारी सकाळी तिने पूलवाल्याला फोन करून सगळं सांगितलं.

"बेरीजबाई," तो म्हणाला, "थोडं कमी मन लावून काम केलं असतंत... तर चाललं असतं."

निघायच्या दिवशी ते तिघं निरोप घ्यायला आले. खाली गाडीत सामान भरलेलं होतं. ती पोचवायला लिफ्टमध्ये शिरली, तेव्हा धाकटीने तळहात वर केले आणि तिच्याकडे बघितलं.

"दाब," बेरीजबाई म्हणाली. "सगळी दाब."

सहाव्यावर दार उघडलं, मिटलं. पाचव्यावर तिने विचारलं, "किती वर्षं?"

"धाकटीची शाळा संपेपर्यंत. दहा तरी."

चौथ्यावर तिने मोठीची वेणी सारखी केली. तिसऱ्यावर त्याचा आवाज फुटला. "एकदा फक्त 'जाऊ नका' म्हणा. मी सामान उतरवतो."

तिचा सगळा जीव ओठांशी आला होता. खाली बघितलं तर धाकटी मान वर करून दोघांचे ओठ निरखत होती.

"मुलींचे कोट वरच्याच बॅगेत ठेवलेत ना?" ती म्हणाली. "उतरल्या उतरल्या थंडी असेल."

त्याने डोळे मिटून घेतले. "ठेवलेत."

फाटकापाशी एक मालाची गाडी मागे येत होती, म्हणून त्यांची गाडी अडून राहिली. तो पुढे बसला होता, सरळ समोर बघत. धाकटी मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभी राहून काचेला नाक लावून तिच्याकडे बघत होती. तेव्हा बेरीजबाईचे ओठ आपोआप हलले. आवाज नव्हताच.

'जाऊ नका.'

धाकटीचं हसू मावळलं. तिने वळून बाबांच्या पाठीकडे बघितलं, मग पुन्हा काचेकडे, आणि आवाज न काढता विचारलं, 'मावशी, बाबांना सांगू?'

नुसती मान डोलावली असती, तरी गाडीचं दार उघडलं असतं. दहा वर्षं वाचली असती.

तिने नकारार्थी मान हलवली. 'नको.'

धाकटीने बोट ओठांवर ठेवलं. मालाची गाडी बाजूला झाली आणि त्यांची गाडी हलली.

बेरीजबाईचे ओठ मात्र थांबेनात. जे जे इतके दिवस बोलायचं राहिलं होतं ते सगळं बाहेर पडत होतं, आणि काचेमागे धाकटी ते वाचत होती. तेव्हा तिने गाडीकडे पाठ फिरवली.