पाठीमागची गाठ

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. या वयात कुणाशी वाद घालायची ताकद माझ्यात राहिली नाही. पण जे सांगून राहिलो ते माझ्या स्वतःच्या हातांसोबत घडलंय.

साल १९७३. गाव हट्टा, तालुका वसमत. आणि वेळ रात्रीची नव्हती.

भर दुपारची होती.

दुष्काळ चालू होता. मी सडकेच्या कामावर खडी फोडायचो. उजव्या हातात हातोडा, डाव्यानं नुसता दगड धरायचा. दुपारी सुट्टी झाली की कामावर मिळणाऱ्या सरकारी सुकडीचे दोन घास खाऊन अमृतराव मास्तरांकडं पेटी शिकायला जायचो. आमच्या भीमजयंतीच्या गायन पार्टीचे ते पेटीमास्तर.

त्यांची पायपेटी होती. मोडलेल्या एका नाटक मंडळीकडून आणलेली. स्टुलावर बसून पायानं भाता मारायचा, वर दोन्ही हात मोकळे. उजव्यानं गाण्याची चाल, डाव्यानं खालचे भरदार सूर.

माझा उजवा चालायचा. डावा मेला हलायचा नाही. करंगळी दाबली की शेजारचं बोटही खाली जायचं. दोन्ही हात एकत्र आले की डावा उजव्याच्या मागंमाग पळायचा, स्वतःचं काम विसरायचा.

मास्तर वैतागायचे.

"किशन, तुझा उजवा लई लाडावला. तो हाय तवर डावा कामाला लागायचा न्हाई."

मग ते खांद्यावरचा पंचा काढायचे. माझा उजवा हात पाठीमागं नेऊन कमरेशी बांधून टाकायचे. घट्ट. गाठ अशी, की डावा तिथं पोचू नये.

"आता एकेक बोट. करंगळी दाबून धर, बाकीची चालव. घाई केली तर पुन्हा पयल्यापासून!"

जानेवारीत मास्तर तापानं गेले.

पार्टीत दुसरा पेटीवाला नव्हता. एप्रिलात जयंती. त्यांची बायको केशरबाई मला म्हणाली, "लेकरा, पेटी मुकी पडू देऊ नको. लई जीव व्हता त्यांचा तिच्यावर."

मी हो म्हणालो. अंगात उभं राहायचं त्राण नसायचं, तरी रोज जाऊन बसायचो.

एका दुपारी पेटीसमोर बसल्या बसल्या डोळा लागला.

जाग आली ती आवाजानं.

खट्... खट्... खट्...

भाता चालू होता.

मी खाली पाहिलं... माझे दोन्ही पाय मागं, स्टुलाखाली होते.

घाबरून उठायला गेलो, तर उजवा हात हलेना...

तो पाठीमागं बांधलेला होता.

"काकू!" मी बोंबललो.

केशरबाई नुकतीच टँकरवरून घागर घेऊन येत होती. तिनं गाठ सोडली.

"काहून बांधून घेतलं रे?"

"मी? काकू, एका हातानं पाठीमागं अशी गाठ मारता येती का?"

तिनं गाठीचं कापड हातात धरून पाहिलं. पंचा मास्तरांचाच होता. आणि तो ओला होता... घामानं.

तिनं तो संदुकीत घालून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी डुलकी लागली... हात पुन्हा बांधलेला. कुलूप तसंच.

मग रोजचंच झालं. खरं सांगतो, थकलेल्या माणसाला धड भीतीसुद्धा वाटत नाही. हात बांधला की मी डाव्यानं वाजवत बसायचो. बोटं सुटी झाली. करंगळीत जोर आला. पुढं पुढं तर आख्खी चालच डाव्यानं निघायला लागली.

एकदा मात्र माझं डोकं फिरलं.

"बास करा मास्तर! जयंतीला महिनाच राहिला. आता दोन्ही हात जुळवू द्या की!"

गाठ करकचून आवळली गेली...

मनगटावर लाल वळ उठला.

चारच दिवस झाले असतील. कामावरच्या खदानीत एक शिळा घसरली. माझा उजवा हात तिच्याखाली सापडला. नांदेडच्या दवाखान्यात तो काढावा लागला.

डॉक्टरांनी जिथून काढला... बराबर तिथंच तो वळ होता.

जयंतीला मी डाव्या हातानं पेटी वाजवली. माणसं रडली. केशरबाईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"त्यांना आधीच कळलं व्हतं रे. म्हणून डावा तयार करून घेतला."

सगळे तेच म्हणतात. मीही जन्मभर तेच म्हणत आलो. याच एका हातावर संसार केला, पोरं मोठी केली. केशरबाई जाताना पेटी माझ्या हवाली करून गेली.

पण मास्तरांना ते कळलं होतं, का त्यांनीच... जाऊ द्या. माझी तर विचारायचीही हिंमत झाली नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी पेटीशेजारी आडवा झालो. घरचे सगळे रानात होते.

उठायला गेलो...

डावा हात हलेना.

हाका मारल्या. घरात कुणी नव्हतं. दिवस कलेपर्यंत तसाच बसून राहिलो. मग सून आली, तिनं गाठ सोडली.

"मामा, कुणी बांधलं हो हे? अन् पंचा वला कशानं झाला?"



एकच हात उरलाय माझा. त्यालाही बांधून मास्तरांना आता काय शिकवायचंय, ते मला समजत नाही.

रोज सकाळी उठलो की आधी मनगट बघतो. अजून तरी वळ उठलेला नाही.