शेवटची घडी

बेटावर उतरलो तेव्हा आमच्या हातात गार, ओले रुमाल दिले. तोंड पुसायला. मी आधी रुमालाची घडी पाहिली. सत्तावीस वर्षं धुलाई-इस्त्रीचं दुकान चालवतोय, मला माणसाच्या तोंडाआधी त्याच्या कपड्याची घडी दिसते. घडी बरी होती. यंत्रावरची.

"सात दिवस काही म्हणजे काही मनात आणायचं नाही," मॅनेजर म्हणाला. "पोहा, खा, झोपा. तुमचंच घर समजा."

बायकोनं मान हलवली. मी नाही हलवली. याच माणसाच्या सहीचं पत्र घरी आलं होतं : तुमची मुलगी कामगारांच्या होडीतून पडली, शोध चालू आहे. मग दुसरं आलं : शोध थांबवला, आणि तुम्हां दोघांना आमच्यातर्फे आठवडाभराची विश्रांती. पोरीच्या बदल्यात सुट्टी. जाताना एका कागदावर दोघांनी सही करायची होती, आमची काही तक्रार नाही म्हणून. मी ते पत्र फाडणारच होतो. बायको म्हणाली, "तिनं काम केलं ती जागा तरी बघू द्या मला. मग करा काय फाडाफाड करायची ती."

म्हणून आलो.

खोली लाकडी, पाण्यात रोवलेल्या खांबांवर. मागच्या दारातून पायऱ्या थेट समुद्रात उतरायच्या. पाणी इतकं स्वच्छ की तळाची वाळू मोजावी. बाहेर झोळी टांगलेली, आत पलंग, आमच्या अख्ख्या दुकानात मावला नसता एवढा. पायथ्याशी एक जाड पांढरी चादर घडी करून ठेवलेली.

"एवढ्या पलंगावर हरवून जाऊ आपण," बायको म्हणाली.

"हाक मार."

दहा महिन्यांत पहिल्यांदा ती थोडीशी हसली.

दुसऱ्या दिवशी चादर पलंगावर विस्कटलेलीच टाकून नाश्त्याला गेलो. परत आलो तर बायको दारातच थांबली. "अहो. घडी बघा."

हे नीट सांगायला हवं. मोठी चादर घडी करायला आमच्याकडे दोघं लागतात. एक टोक बायको धरायची, दुसरं पोरगी. समोरासमोर यायच्या, मागं सरायच्या, पुन्हा यायच्या. मग पोरगी चादर टेबलावर मांडायची आणि शेवटची घडी मी घालायचो. वर तळवा मारायचो. तळवा पडला की काम संपलं, ती चादर आपली राहिली नाही, गिऱ्हाइकाची झाली. घडीचं तोंड, म्हणजे मोकळे काठ, उजवीकडे यायला पाहिजे, कारण फळीवरचे सगळे गठ्ठे एकाच बाजूला बघत असले पाहिजेत. पोरगी डावरी. तिनं मांडलेल्या घडीचं तोंड डावीकडे जायचं. मी चादर ओढून उलगडायचो आणि म्हणायचो, "पुन्हा."

"बाबा, आपण कुठं बघतोय ते चादरीला काय कळतंय?"

"पुन्हा."

ती आठ वर्षांची होती तेव्हापासून हे. शेवटी कंटाळून इथं धुलाईखात्यात नोकरीला आली. लोकांना मी सांगतो, चांगली नोकरी मिळाली म्हणून गेली.

पलंगावरच्या घडीचं तोंड डावीकडे होतं.

"दुसरी कुणी डावरी असेल कामाला," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशीही तेच. शेजारच्या खोलीपाशी साफसफाईवाली बाई गाडी घेऊन उभी होती. बायकोनं तिला विचारलं, "ताई, तुमच्यात डावरी कोण आहे?"

"कुणी नाही. आणि तुमच्या खोलीत आम्ही येतच नाही. तुम्हाला त्रास द्यायचा नाही असं साहेबांनी सांगितलंय. टॉवेलसुद्धा दाराबाहेर ठेवतो." तिनं गाडी दोन पावलं ढकलली आणि थांबली. "एक होती," म्हणाली. मग आमच्याकडे न बघता निघून गेली.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. चौथ्या दिवशी दोन्ही दारं मी लावली, किल्ली खिशात टाकली आणि दोन्ही दारांना खालच्या बाजूला शिवणाचा दोरा बांधला. परत आलो तेव्हा दोरे तसेच होते. घडी डावीकडे होती. मी तिच्यावर हात ठेवला. चादर गरम होती, इस्त्रीखालून आत्ता निघाल्यासारखी. खोलीत इस्त्री नव्हती. चादरीच्या काठाला मिठाची बारीक पांढरी रेघ होती.

बायकोनं त्या दिवशी ताट पुसून खाल्लं. दुपारी झोळीत पडून गुणगुणत होती. मी म्हणालो, उद्या मी आतच बसतो, बघतो कोण येतंय.

"नका. कुणी बघत बसलं की तिचा हात चुकतो. विसरलात?"

विसरलो नव्हतो. बघत बसणारा मीच असायचो.

पाचव्या दिवशी बायको अंघोळीला गेली होती. पलंगापाशी मी एकटा. माझा हात पुढं गेला, चादर ओढली, उलगडली आणि मी म्हणालो, "पुन्हा."

रागानं नाही म्हणालो. तिला अजून एकदा यायला लावायचं होतं एवढंच. दुसऱ्या कुठल्या शब्दानं बोलवायचं, ते मला येत नव्हतं.

मागच्या पायरीवर जाऊन, खोलीकडे पाठ करून बसलो. थोड्या वेळानं आत चादर झटकल्याचा आवाज आला. एकदाच. आमच्या दुकानात दिवसातून शंभर वेळा यायचा तसा.

आत गेलो. चादर घडी करून ठेवलेली होती. काठाला काठ लागलेला, कुठं सुरकुती नाही. घडीचं तोंड उजवीकडे.

बायको ओल्या केसांनी बाहेर आली. बघत राहिली.

"काय केलंत?"

"पुन्हा म्हणालो."

ती पलंगावर बसली. 

"जन्मभर नाही ऐकलं तिनं तुमचं," ती म्हणाली. "आत्ता ऐकलं. आता तिची घडी कुठली आणि कुणा भलत्याची कुठली, मी कशावरून ओळखू?"



सहाव्या दिवशी तिनं स्वतः चादर विस्कटून ठेवली. नाश्त्याहून आलो तेव्हा ती तशीच पडलेली होती. दुपारी तशीच. बायकोनं अन्नाला हात लावला नाही.

"मी येत नाही घरी," ती म्हणाली.

"अगं, उद्या होडी आहे."

"तुम्ही जा. मी तिला सांगते, तुझ्या हातानं कर. तुला कुणी काही म्हणणार नाही."

मी तिचा दंड धरला. म्हणालो, पोरगी गेली, आता तू तरी चल. तिनं माझा हात हळूच काढला, मांडीवरच्या लेकराचा काढावा तसा.

सातव्या दिवशी सकाळी मॅनेजरनं ऑफिसात बोलावलं. कागद तयार होता, पेन उघडून ठेवलेलं. "बाईंना नाही आणलंत?" म्हणाला. "त्यांचीही सही लागेल."

मी कागद फाडला. चार तुकडे करून त्याच्या टेबलावर ठेवले. खोलीवर जाऊन हे बायकोला सांगायचं, या विचारानं बरं वाटत होतं. जाऊन येऊन वीस मिनिटं.

खोलीचं मागचं दार उघडं होतं.

पायरीवर तिच्या चपला. कोरड्या. शेजारी शेजारी.

मी हाक मारली.

समुद्र अगदी शांत होता. तळाची वाळू दिसत होती. वाळूवर काही नव्हतं.

पुन्हा हाक मारली.

मग पलंगाकडे पाहिलं. चादर घडी केलेली होती. मधली रेघ सरळ, दोरी लावून आखल्यासारखी. एवढ्या मोठ्या चादरीला ती एकट्याच्या हातून येत नाही. दोन्ही टोकं ओढून धरणारी दोन माणसं लागतात. घडी डावीकडे तोंड करून मांडलेली होती.

शेवटची घडी बाकी ठेवली होती.

तीन दिवस शोध झाला. मी तिथंच बसून होतो. चौथ्या दिवशी त्यांनी मला होडीत घातलं तेव्हा चादर माझ्या मांडीवर होती. कुणी मागितली नाही.

आता ती दुकानात आहे. सगळ्यात वरच्या फळीवर, बाकीच्या गठ्ठ्यांकडे पाठ करून. शेवटची घडी मी घातलेली नाही. तळवा मारलेला नाही.

परवा मॅनेजरचं पत्र आलं. आठवडाभराची विश्रांती, या वेळी एकट्याच्या नावानं. ते मी अजून फाडलेलं नाही.

रोज सकाळी कुलूप काढतो आणि इस्त्री तापवायच्या आधी फळीवर हात घालून बघतो.

चादर गरम असते.