नटावरची दुसरी रेष

धाकटीने वर्तमानपत्रात गुंडाळलेली जळकी क्लच प्लेट टेबलावर उघडली, तेव्हा भाऊजींनी सगळ्यांत आधी आपला चहाचा कप वाचवला.

"काय हा वास! केस जळल्यासारखा!"

वहिनींनी मात्र प्लेट नाकाशी नेली. बावीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासल्यावर त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं होतं. त्यांचे दीर, म्हणजे हे भाऊजी, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याबरोबर फिरत. गुन्हेगार कोण हे भाऊजींना नेहमी सगळ्यांच्या आधी कळे, आणि तो माणूस नेहमी निर्दोष निघे.

"सोमवारी मी स्वतः नवी बसवली," धाकटी म्हणाली. "दातांच्या डॉक्टरांची ती लाल स्पोर्ट्स कार. काल, शुक्रवारी, चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी पुढे सरकेना. ओढून आणली."

धाकटी गॅरेजवाल्या मोठ्या मिस्त्रींची मुलगी. आज पाच वाजता मोठे मिस्त्री गिअरबॉक्सच्या खोलीची किल्ली थोरल्या मुलाला तरी देणार होते, नाहीतर तिला. किल्ली ज्याच्या हातात, तो पुढचा मिस्त्री.

"तेल गळून प्लेट घसरली असेल?"

"प्लेट कोरडी आहे, वहिनी. कारण मला सापडलंय, तेच तर वाईट आहे. क्लचची केबल ताणलेली निघाली. पेडलला दोन बोटं ढील हवी, ती अजिबात नव्हती. अशाने प्लेट कायम अर्धवट सुटलेली राहते, घसरते, तापते आणि जळते."

"मग कुणीतरी केबलचा नट फिरवला!" भाऊजी म्हणाले.

"नाही ना! नट पक्का केला की त्याच्यावरून शेजारच्या पट्टीवर एक पिवळी रेष ओढायची, ही बाबांची शिस्त. नट फिरला तर रेष तुटते. अखंड असेल तर पाना लावायचा नाही. इथे रेष अखंड आहे. म्हणजे सोमवारी मीच चुकले." तिने हात दुपट्ट्यात लपवले. "तसं असेल तर तोंडावर सांगा. मी परत पाना उचलणार नाही."

"सोमवारी ढील मोजली होतीस?"

"दोन बोटं. स्वतःच्या बोटांनी."

"मग रडू नकोस. स्कूटर काढा, भाऊजी."

डॉक्टर दवाखान्यात फणफणत होते.

"पेडलवर पाय ठेवून गाडी चालवता का?" वहिनींनी सरळच विचारलं.

"मी? पंचवीस वर्षांत ही पहिली प्लेट जळाली! आणि बुधवारी गाडी मुद्दाम तपासायला नेली होती. ताई सामान आणायला गेल्या होत्या. त्यांचे वडील, काका, म्हणाले, मी बघतो. म्हटलं, राहू द्या काका, ताई येईपर्यंत थांबतो. समोर जाऊन चहा प्यायलो. ताई आल्या, बॉनेट उघडून बघितलं, म्हणाल्या, सगळं ठीक. ठीक म्हणे!"

"तेव्हा गॅरेजमध्ये कोण होतं?"

"काका होते, आणि ताईंचे दादा टायर काढत होते. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा."

वहिनींनी त्यांच्याकडून दात बघायचा छोटा आरसा मागून घेतला. बाहेर येताच भाऊजी कुजबुजले, "थोरला! शंभर टक्के थोरला."

गॅरेजमध्ये लाल गाडी नाक वर करून उभी होती. वहिनींनी आधी क्लचचं पेडल पाहिलं. रबराच्या रेघा अजून कोऱ्या होत्या. पाय सतत टेकलेला असता, तर त्या गुळगुळीत झाल्या असत्या. मग त्या बॉनेटखाली वाकल्या. केबलचा नट अगदी हाताशी होता.

"काय हो मास्तर, कशी आहे रेष?"

भाऊजींनी चष्मा पुसला. "गचाळ. सुरुवातीला जाड, शेवटी निमुळती, आणि मध्ये कसलासा केस अडकलाय. दहापैकी चार."

वहिनींनी आरसा नटाच्या मागे धरला, बराच वेळ पाहिलं आणि तो पर्समध्ये टाकला.

थोरला टायरपाशी बसला होता. खिशात धाकटीसारखंच पिवळ्या रंगाचं जाड पेन होतं. वहिनींनी ते मागून घेऊन हातातल्या कागदावर रेघ ओढली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी उमटली.

"लपवत नाही, वहिनी," तो म्हणाला. "मला तिचा हेवा वाटतो. मी दहा वर्षं आधीपासून इथे हात काळे करतोय, आणि गिऱ्हाईक येतं ते ताई कुठेत म्हणून. रात्री जेवताना घास उतरत नाही. पण तिने बांधलेल्या गाडीला मी हात लावत नाही. उद्या गाडी चांगली पळाली, तर नाव तिचंच व्हायचं!"

दाराशी खुर्चीत मोठे मिस्त्री गाड्यांच्या किल्ल्यांना लावायच्या पत्र्याच्या बिल्ल्यांवर पिवळ्या रंगाने आकडे घालत होते. बोटं थरथरत होती, पण आकडे वळणदार होते.

"पेन घ्या की, बाबा," थोरला म्हणाला.

"पेनात काय जीव आहे?" ते म्हणाले. "ब्रश म्हातारा झालाय, केस गळतात त्याचे. माझ्यासारखंच." मग वहिनींकडे वळून, "पोरीकडून चूक झाली, वहिनी. होतं असं. अजून शिकायची आहे ती."

वहिनींनी एक बिल्ला उचलला आणि आकड्यात अडकलेला बारीक केस नखाने काढला.

पाच वाजता सगळे लाल गाडीभोवती जमले. डॉक्टरही आले होते. खुर्चीतल्या मोठ्या मिस्त्रींच्या मुठीत किल्ली होती.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "किल्लीआधी रेषेचं बघू. डॉक्टर, हा तुमचा आरसा. नटाच्या मागे धरा. काय दिसतं?"

"पिवळा ठिपका... नाही, अर्धी रेष. पेनाची वाटते."

"ती धाकटीची सोमवारची रेष. नट अडीच फेरे फिरला, म्हणून तिचा नटावरचा अर्धा भाग मागे गेला. पुढून दिसते ती पट्टीवरच्या जुन्या अर्ध्या रेषेवरूनच नंतर ओढलेली दुसरी रेष. तीच बघून बुधवारी धाकटी फसली."

"मी पेडल दाबूनसुद्धा बघितलं नाही," धाकटी हळूच म्हणाली.

"नट फिरवला बुधवारी, ती यायच्या आधी; प्लेट जळण्याआधी गाडी इथे आली ती तेव्हाच. आता कुणी? डॉक्टरांना रेषेचं महत्त्वच माहीत नाही. ते नट फिरवून मोकळे झाले असते. नट फिरवल्यावर रेष ओढल्याशिवाय ज्याचा हात मागे येत नाही, त्यानेच हे केलं. म्हणजे मिस्त्रीने."

"थोरला!" भाऊजी म्हणाले.

"त्याच्याकडे पेन आहे, भाऊजी. पेनाची रेघ एकसारखी येते. जाड सुरू होऊन निमुळती कशाने होते, मास्तर?"

भाऊजी परत नटाकडे वाकले. "ब्रशने," ते म्हणाले. "आणि तो केस..."

कुणीही खुर्चीकडे पाहिलं नाही. मोठे मिस्त्री स्वतःच उठले.

"राहू द्या काका, म्हणाले डॉक्टर," ते बोलू लागले. "ताई येईपर्यंत थांबतो म्हणाले. चाळीस वर्षं लोक माझ्यासाठी थांबायचे. मला ते सहन झालं नाही. पोटच्या पोरीचं कौतुक सहन झालं नाही. वाटलं, थोडी गाडी घसरेल, वास येईल, परत आणतील. मग मी दोन मिनिटांत नीट करून देईन आणि सगळे म्हणतील, शेवटी काकाच. हे चढावर जातील असं वाटलं नव्हतं."

"मग रेष कशाला ओढलीत, बाबा?" धाकटी म्हणाली. "तुटकी दिसली असती तर मी पाना लावला असता. मी रेषेवर विश्वास ठेवला. तुम्हीच शिकवलंत."

"मला ओढल्याचं आठवतही नाही," ते म्हणाले. "नट फिरवून खूण न करता मी आयुष्यात कधी उठलो नाही."

थोरला टायरवर बसला. "आणि मी समजत होतो, या घरात तिच्यावर जळणारा मी एकटाच."

मोठ्या मिस्त्रींनी किल्ली धाकटीपुढे धरली. तिने ती घेतली नाही. "आधी गाडी," ती म्हणाली.

नवी प्लेट बसवायला दोन दिवस लागले. तापून निळी पडलेली इंजिनाकडची चकती, फ्लायव्हील, थोरल्याने घासून आणली, गिअरबॉक्स दोघांनी मिळून चढवला. सोमवारी दुपारी वहिनी आणि भाऊजी आले, तेव्हा धाकटी बॉनेटखाली केबलचा नट फिरवत होती आणि आत मोठे मिस्त्री पेडलपाशी बसले होते.

"बाबा, ढील किती?"

"दोन बोटं. बरोबर आहे."

त्या गॅरेजमध्ये आजवर मोठ्या मिस्त्रींच्या 'बरोबर आहे'नंतर कुणी काही तपासलं नव्हतं. धाकटीने हात पुसले, गाडीला वळसा घालून ती दाराशी आली आणि गुडघ्यांवर बसली. मोठ्या मिस्त्रींनी पाय बाजूला घेतला. तिने पेडल दाबून आपली दोन बोटं घालून पाहिली.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि त्यांच्यापुढे हात पसरला. "आता किल्ली द्या, बाबा."