मयताची खबर

धारगडचे धर्माधिकारी त्र्यंबकशास्त्री लोणकर यांना भर सदरेत खरे बोलल्याबद्दल पदावरून दूर करण्यात आले. असे काही घडलेच नाही, असे दप्तर म्हणते. आपणही दप्तराचे ऐकू आणि पहाटेपासून सुरुवात करू.

धुके दरीत साचले होते, वेढ्याला पाचवा महिना लागला होता, आणि पश्चिम बुरुजावरचे चाळीस शिपाई गनिमाच्या शेकोट्या रोजच्याप्रमाणे मोजत होते. अशा वेळी कड्याच्या कपारीतून एक माणूस वर आला. तो रायाजी धुमाळ होता. त्याला मरून तीन महिने झाले होते.

हेरगिरीला गेलेला रायाजी परतला नाही म्हणून गडावर त्याचा दर्भाचा पुतळा रीतसर जाळला होता. असा माणूस परत आला, तर त्याला तुपाच्या काहिलीत बसवून नवा जन्म द्यायचा, बारसे करायचे, त्याच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचे, अशी रीत होती. तोवर त्याचे तोंड पाहणे अशुभ आणि त्याचा शब्द अग्राह्य. गडावरचे शेवटचे तूप रायाजीच्याच तेराव्याला संपले होते.

म्हणून सारी सदर त्याच्याकडे पाठ करून बसली. किल्लेदार हैबतराव काटवटे भिंतीशी बोलत होते. पायरीशी रायाजीची बायको साळू, कपाळ मोकळे, तीही पाठमोरी.

"पश्चिम बुरुजाखाली सुरुंग खणलाय," रायाजी म्हणाला. "मला धरून माती वाहायला लावली व्हती. आज दुपारी बत्ती देणार."

"शास्त्रीबुवा," हैबतराव भिंतीला म्हणाले, "निर्णय सांगावा. मयताच्या खबरीवरून चौकी उठवली आणि गनीम चढला, तर हुजुरांना काय लिहू?"

"प्रश्न गहन आहे. चातुर्मास संपला की पाहू."

"बुवा," रायाजीने विचारले, "मग जळालं ते कोण?"

"पुतळा."

"पिंडाला कावळा शिवला?"

"लगेच शिवला."

"म्हंजी आत्मा पुढं गेला. मी तर तवा खाली माती उपसत व्हतो. मग गेला त्यो कुणाचा?"

अशा प्रश्नाला शास्त्रीबुवांकडे तीस वर्षांची तयार उत्तरे होती. श्रद्धा ठेव. पूर्वजन्मीचे पाप असेल. हे विचारायचे नसते. ती तिन्ही त्यांच्या ओठांशी येऊन परत गेली. मग ते जागेवरच वळले आणि त्यांनी मयताच्या तोंडाकडे सरळ पाहिले.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

सबनिसाने लेखणी खाली ठेवली; असे वाक्य दप्तरात कोणत्या सदराखाली घालतात ते त्याला माहीत नव्हते.

"पोथीत उत्तर असेल, मला सापडलेले नाही. पण याच्या गुडघ्यापर्यंत ओली माती आहे, ती मला दिसते. चौकी उठवा. पाप माझ्या नावे लिहा."

"चौकीला हुकूम कोण सांगेल?" हैबतरावांनी विचारले. "मयताची खबर घेऊन जायला कोणी तयार नाही."

शास्त्रीबुवा स्वतः निघाले.

"बुवा, वाका, गोळ्या येत्यात," बुरुजावरचा नाईक म्हणाला.

"कमरेचे जमत नाही रे. तुम्ही उतरा, म्हणजे मलाही उतरता येईल."

चाळीसही उतरले. दुपारी बुरूज आकाशात गेला आणि बराच वेळ खाली येत राहिला. खिंडारातून गनीम आत शिरला, तो आतल्या तटावरच्या त्याच चाळीस बंदुकांसमोर. अठराव्या दिवशी वेढा उठला.

हैबतरावांनी हुजुरांना कळवले की बुरूज जुना होता, पडला. धर्माधिकाऱ्याने 'ठाऊक नाही' म्हटल्याने रयतेचा धीर खचतो, असे ठरून नवे शास्त्री आले. तूपही आले. नव्या शास्त्र्यांचा निर्णय असा, की या मयतावर पूर्वी एकदा निर्णय झाला आहे, सबब नवा देता येत नाही. आणि पूर्वीचा रद्द आहे. साळूने तो पाठमोरीच ऐकला.

त्यानंतर हुजूर दप्तरात पुढील अर्ज दाखल झाला:

"अर्जदार मयत रायाजी धुमाळ, शिलेदार, वस्ती धारगड. विनंती विशेष की, अर्जदारास सरकारच्या सोयीने कोणत्याही एका दिवसापुरते जिवंत धरण्यात यावे, जेणेकरून त्यास आपल्या बायकोशी समोरासमोर बोलता येईल. दुसरे दिवशी सूर्योदयापासून अर्जदार पूर्ववत मयत राहील. कळावे."